गिरणगावातली खोली आणि खाणावळ

कावसजी दावर यांची मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे कोकणातून, घाटावरून माणसं परळ-लालबागकडे येत राहिली. बायकापोरं बहुधा गावीच. मग इथलं घर कुठलं?

एका गावच्या गड्यांनी चाळीत मिळून खोली घ्यायची, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचं. वळकटी आणि ट्रंक, एवढाच संसार. पण त्याच खोलीत गावच्या मंडळाची वर्गणी जमे, भजन रंगे. जेवण खाणावळवाल्या बाईंकडे उधारीवर, हिशेब पगाराला. गिरणगाव खरं पोसलं ते या बायकांनी. नावं मात्र गिरणीमालकांची राहिली! या खाणावळवाल्या बायकांना सावकारी व्याजातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पगार थांबले आणि खाणावळींची उधारीही थकली.