नेत्ररक्तवाहिन्यांचे विकार : लक्ष्यवेधी औषधोपचार

डोळ्याच्या पडद्यातील रक्तवाहिन्या झिरपू लागल्यास किंवा तेथे नको त्या वाहिन्या वाढू लागल्यास, त्यास कारण ठरणारे प्रथिन अडवणारे औषध थेट डोळ्यात टोचून केला जाणारा उपचार. मधुमेही दृष्टिपटलविकार, पडद्याच्या शिरेतील अडथळा, उतारवयातील पीतबिंदूचा ‘ओला’ ऱ्हास या विकारांत तो प्रामुख्याने वापरतात.

पडद्याला प्राणवायू कमी पडला की तेथून वाहिन्या वाढवणारा एखादा पसरणारा घटक स्रवत असावा, असा तर्क आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्ये मांडला होता. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जेनेन्टेक कंपनीत असा घटक, म्हणजे ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन, वेगळे केले. याच्या जोराने वाढलेल्या वाहिन्या कच्च्या असतात. त्यांतून पाणी आणि रक्त पाझरते, पीतबिंदू सुजतो आणि रुग्णाला सरळ रेघ वाकडी दिसू लागते.

रॅनिबिझुमॅब या खास डोळ्यासाठी घडवलेल्या औषधाला अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली. पण गरिबांच्या उपयोगी पडले ते बेव्हॅसिझुमॅब. मुळात ते आतड्याच्या कर्करोगावरचे औषध. त्याच्या एका कुपीतून डोळ्यासाठी अनेक मात्रा निघतात, म्हणून ते स्वस्त पडते. पीतबिंदूच्या ओल्या ऱ्हासात वर्षभरानंतर दोन्हींचा दृष्टीवरील परिणाम सारखाच असल्याचे २०११ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीने दाखवले. भारतात जानेवारी २०१६ मध्ये औषध नियंत्रकांनी बेव्हॅसिझुमॅबच्या नेत्रवापराविरुद्ध इशारा दिला होता. नेत्रतज्ज्ञांच्या आग्रहानंतर मार्चमध्ये तो मागे घेतला गेला. रॅनिबिझुमॅबची भारतीय जैवसदृश आवृत्ती अहमदाबादच्या इन्टास कंपनीने २०१५ मध्ये आणली. मुंबईच्या ल्युपिननेही पुढे आपली आवृत्ती काढली.

मोतीबिंदू एकदा काढला की काम संपते. इथे तसे नाही. औषध ओसरते, सूज परत येते, म्हणून सुरुवातीला दरमहा सुई घ्यावी लागते. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव किंवा औंढा नागनाथकडच्या शेतमजुराला त्यासाठी नांदेड वा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागले, तर त्याची आणि सोबत येणाऱ्याची अशी दोन माणसांची मजुरी बुडते. उपचार अर्ध्यावर सुटतो तो बहुधा इथेच, आणि दोष मात्र रुग्णाच्या निष्काळजीपणाला दिला जातो. हे अन्यायाचे आहे. हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. पडद्याची तपासणी आणि ही सुई तेथे नियमित मिळणे, ही जिल्ह्याची रास्त अपेक्षा आहे.

२०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले फॅरिसिमॅब हे औषध ‘व्हीईजीएफ’सोबत अँजिओपोएटिन-२ हे दुसरे प्रथिनही अडवते. काही रुग्णांत दोन सुयांमधले अंतर त्यामुळे १६ आठवड्यांपर्यंत वाढवता येते.