पंचांगावरचा अंगठा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जलपैगुडीच्या एका चहामळ्यात व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला. त्याची कागदपत्रांची पेटी फोडलेली होती. आत एक बंगाली पंचांग होतं आणि त्याच्या निळ्या वेष्टणावर दोन पुसट, तपकिरी डाग. भिंगाखाली धरल्यावर त्यांतला एक उजव्या अंगठ्याचा ठसा निघाला. कलकत्त्याच्या दप्तरात तो एका जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला; हा नोकर पूर्वी चोरीची शिक्षा भोगून आलेला होता.

न्यायालयाने चोरी शाबीत धरली, खून नाही. पेटीला कोणाचा हात लागला हे ठसा सांगत होता. सुरी कोणी चालवली हे तो सांगू शकत नव्हता. नव्या शास्त्राला त्याच्या कुवतीएवढंच मोल देणारा हा निकाल होता.

कलकत्त्याचं ते ठशांचं कार्यालय १८९७ मध्येच सुरू झालं होतं. त्याआधी पोलीस कैद्यांच्या डोक्याची, हातापायांची मापं घेत. माप घेणारा बदलला की आकडा बदले. ठसा बदलत नसे, पण हजारोंच्या ढिगातून नेमका हवा तो काढायचा कसा? बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालच्या अझीझुल हक यांनी गणिती विभागणी करून १,०२४ कप्पे पाडले. हेमचंद्र बोस यांनी ठशाचं वर्णन तारेने कळवण्याची सांकेतिक भाषा बसवली. १९०१ मध्ये हीच पद्धत स्कॉटलंड यार्डात गेली, ती हेन्रींच्या नावाने.

हे तंत्र सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलं नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. १९११ च्या कायद्याने त्यांच्या बोटांचे ठसे घेण्याची मुभा दिली. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या जमातींच्या सक्तीच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड माणसं हजेरी देत राहिली. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी आजही कुठे चोरी झाली की संशय आधी त्याच जमातींतल्या पारध्यांच्या पालावर जातो.

२०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने ठशांबरोबरच अटक झालेल्यांच्या बुबुळांपासून जैविक नमुन्यांपर्यंत नोंदी घेण्याचा आणि त्या ७५ वर्षं जपण्याचा अधिकार यंत्रणेला दिला आहे. निर्दोष सुटलेल्यांच्या नोंदी नष्ट करण्याची तरतूदही त्यात आहे. ती कागदावरच राहू नये, यासाठी प्रत्येक जिल्ह्यात किती नोंदी घेतल्या आणि किती पुसल्या, हे सरकारने दरवर्षी जाहीर करायला हवं.