अंगठा, पंचांग आणि आमचा भाचा

परवा भाच्याचा फोन आला. बारावीचा निकाल अजून लागायचाय, पण स्वारीचं ठरलंय. "मामा, मला क्राइम सीन इन्व्हेस्टिगेटर व्हायचंय." मागून ताईचा आवाज, "त्याला जरा समजाव रे!" आता हा ब्लॉग ताईही वाचते, तेव्हा समजावणं इथेच करतो. अर्थात तिला अपेक्षित असलेलं नव्हे.

आमच्या आजीला सही येत नव्हती. तलाठ्यापुढे अंगठा उमटवून आली की दिवसभर पदराच्या टोकाने शाई पुसत बसायची. अंगठेबहाद्दर हा शब्द तिला फार लागायचा. पण भाच्याला हव्या असलेल्या धंद्याचा उगम या अंगठ्यापाशीच आहे, आणि तोही आपल्याच देशात.

२८ जुलै १८५८. बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला. पुढे हा गृहस्थ "सही माझी नाहीच" म्हणेल, ही धास्ती. म्हणून शिक्क्याची शाई त्याच्या हाताला फासून पंजाच कागदामागे उमटवून घेतला. शास्त्र वगैरे काही नाही, नुसता धाक! पण हर्शेलला नाद लागला. १८७७ मध्ये हुगळीला त्याने पेन्शनर, दस्त नोंदवणारे आणि कैदी यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली.

अडचण पुढेच होती. हजारो ठसे गोळा झाले, तर त्यातला हवा तो शोधायचा कसा? कोलकात्यात पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली दोघे होते, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस. हक प्रेसिडेन्सी कॉलेजातला गणिताचा विद्यार्थी. उत्तर जे निघालं ते मला फार आवडतं. आपण लहानपणी बोटांवरचे शंख आणि चक्रं मोजायचो ना, तेच. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या, त्यांना १६, ८, ४, २, १ असे गुण द्यायचे. चक्र असेल तर गुण, शंख असेल तर शून्य. जोडीतल्या एका बोटाचे गुण वर, दुसऱ्याचे खाली. दोन्ही बेरजांत एकेक मिळवला की अपूर्णांक तयार. वर ३२, खाली ३२ शक्यता, म्हणजे कपाटाला १०२४ खण. दहाही बोटांना चक्र असलेला राजा होतो, असं आजी म्हणायची. कोलकात्याच्या कपाटात तो ३२/३२ च्या खणात जातो, इतकंच.

१८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं. १९०१ मध्ये हीच पद्धत स्कॉटलंड यार्डात गेली आणि दोन वर्षांनी हेन्री लंडनचे पोलीस कमिशनर झाले. पद्धतीला नाव 'हेन्री पद्धत'. हकना खानबहादूर, बोसना रायबहादूर. हकचा वाटा हेन्रींनी पत्रात नीट मान्य केला तो १९२६ मध्ये. असो.

आता भाच्या, नीट ऐक. १८९८. जलपायगुडीकडच्या एका चहामळ्याचा मॅनेजर बिछान्यात गळा चिरलेला सापडला, तिजोरी फोडलेली. संशय कुणाकुणावर? मजुरांवर, काबुल्यांवर आणि स्वयंपाक्यावर, कारण त्याच्या कपड्यांवर रक्त होतं (ते कबुतराचं, असं त्याचं म्हणणं). मयताच्या कागदांत एक बंगाली पंचांग होतं, त्यावर दोन फिकट तपकिरी डाग. त्यातला एक ठसा कार्यालयात आधीपासून असलेल्या ठशाशी जुळला. तो कांगाली चरणचा. हा मॅनेजरचा जुना नोकर, पूर्वी चोरीत शिक्षा झालेला. डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचे, असं रासायनिक तपासनिसाने सांगितलं. पण खून करताना कुणीच पाहिलं नव्हतं. चोरीबद्दल शिक्षा झाली, खुनाबद्दल नाही.

टीव्हीवर असा शेवट चालणार नाही. पण ठसा सांगतो की हात इथे लागला होता. सुरी कुणी चालवली हे तो सांगत नाही. माझ्या मते त्या न्यायालयाने फार अवघड आणि बरोबर काम केलं. मयताच्या घरच्यांना ते पटलं असेल का, हा प्रश्न मात्र सुटत नाही.

टीव्हीवर एकच माणूस ठसे घेतो, प्रयोगशाळेत बसतो आणि आरोपीलाही पकडतो. आपल्याकडे ही वेगवेगळी माणसं असतात. तपास आणि पंचनामा पोलिसांचा, ठसे अंगुलिमुद्रा तज्ज्ञांचे, रक्त आणि विष न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचं. त्यामुळे आधी बी.एस्सी. कर, रसायन नाहीतर जीवशास्त्र पक्कं कर. मुंबई, नागपूर, औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने जागेवर जाण्याची तरतूद आहे, राज्यांना त्यासाठी मुदत दिली आहे. म्हणजे माणसं लागणारच. काम मात्र असं : हात लावण्याआधी फोटो, मग मोजमाप, मग पाकीट, सील, सही, तारीख. एक सही राहिली की उलटतपासणीत सगळं मुसळ केरात.

ताई, त्याला सुट्टीत इकडे पाठव. ट्रंकेत आजीचा जमिनीचा कागद आहे, भिंगही आहे. मला तो अंगठा शंख वाटतो, बाबा म्हणतात चक्र. त्याने ठरवावं.