आधी कोण? – आजारी बाळांच्या रांगेचा इतिहास

सरकारी दवाखान्यातली सकाळ आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिली असेल. केसपेपर काढायचा, बाकावर बसायचं आणि आपला नंबर यायची वाट पाहायची. मध्येच कोणी घुसलं तर सगळे ओरडणार. रांग म्हणजे न्याय, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं आहे! पण धापा टाकणाऱ्या बाळाच्या बाबतीत हाच न्याय जीवघेणा ठरतो.

माझा धंदा संगणकाचा. आमच्याकडे रांगेचे दोन प्रकार शिकवतात : ‘आधी येईल तो आधी’ आणि ‘ज्याची निकड जास्त तो आधी’. वैद्यकात हा दुसरा प्रकार रणांगणातून आला. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद दोमिनिक लारे हुद्दा न पाहता, ज्याची जखम गंभीर त्याच्यावर आधी उपचार करी. ‘निवडणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून ‘ट्रायाज’ हा शब्द रूढ झाला. आपल्या आया तांदूळ निवडत, तसंच काहीसं. पुढे १९६० च्या दशकात ही पद्धत अमेरिकेतल्या इस्पितळांच्या आपत्कालीन विभागांत शिरली. गरीब देशांतल्या मुलांपर्यंत पोचायला मात्र तिला आणखी तीस-चाळीस वर्षं लागली.

ही गोष्ट आहे आफ्रिकेतल्या मलावी देशातली. ब्लँटायर शहरातल्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांचा बाह्यरुग्ण विभाग होता. लसीकरण तिथेच, किरकोळ ताप-खोकला तिथेच आणि अत्यवस्थ मुलंही तिथेच. गर्दी प्रचंड, कर्मचारी मोजके. भरती झालेल्या मुलांपैकी १० ते १८ टक्के दगावत.

जागतिक आरोग्य संघटनेने ब्रिटनमधल्या बाल-जीवरक्षण अभ्यासक्रमाच्या आधारे ‘ईटॅट’ नावाची सुटसुटीत पद्धत तयार केली होती. अत्यवस्थ मुलाची पाहणी, निवड आणि तातडीचे उपचार, असं तिचं स्वरूप. मलावीत तिचा कस लागला. बालरोगतज्ज्ञ एलिझाबेथ मॉलिन्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विभागाची मांडणीच बदलली, कर्मचाऱ्यांना शिकवलं, बाह्यरुग्ण विभाग आणि वॉर्ड यांचा मेळ घातला. जानेवारी २००१ मध्ये विभाग नव्या रूपात उघडला. त्यानंतर मृत्यूचं प्रमाण ६ ते ८ टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय नव्या रांगेलाच देता येणार नाही, कारण ही केवळ आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना आहे. तरीही हा फरक डोळ्यांआड करण्यासारखा नाही.

आणि पाहायचं तरी काय? श्वास अडलाय का, ओठ-जीभ निळी पडलीत का, हात गार आहेत का, बाळ बेशुद्ध आहे का, आकडी येतेय का, जुलाबाने डोळे खोल गेलेत का. यातलं एक जरी लक्षण गंभीर दिसलं तरी रांग सोडून थेट आत. दोन महिन्यांखालचं तान्हं, भाजलेलं मूल, अतिशय रोडावलेलं मूल, यांना रांगेत पुढची जागा. बाकीच्यांनी थांबायचं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रशिक्षण-पुस्तिकेत मला सर्वांत आवडलेली सूचना अशी, की धोक्याची लक्षणं ओळखायला फाटकावरचा पहारेकरी, केसपेपर लिहिणारा कारकून आणि सफाई कामगार यांनाही शिकवावं. आजारी बाळ सर्वांत आधी त्यांच्याच नजरेस पडतं ना!

डॉक्टर नसलेल्या माणसावर असा विश्वास टाकण्याचं काम आपल्या गडचिरोलीत त्याआधीच झालं होतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात, जिथे हे काम चाललं त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. पुढे निरक्षर दाईसाठी त्यांनी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं श्वासमापक बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला, तर न्यूमोनिया.

निवड अशी जमली, पण आत नेल्यावर करायचं काय, हा प्रश्न अवघड निघाला. हातपाय गार पडलेल्या मुलाला भराभर सलाईन द्यायचं, हे जगभर गृहीत होतं. कॅथरीन मेटलंड यांच्या नेतृत्वाखाली केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या ३,१४१ तापाने गंभीर आजारी मुलांवर याची चाचणी झाली. २०११ साली आलेल्या निष्कर्षांनी सगळे चक्रावले. भराभर सलाईन दिलेल्यांपैकी १०.५ टक्के आणि अल्ब्युमिन दिलेल्यांपैकी १०.६ टक्के मुलं ४८ तासांत दगावली. ज्यांना दोन्हीपैकी काहीच भराभर दिलं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण होतं ७.३ टक्के! म्हणजे ज्यांच्यासाठी धावपळ केली, त्यांच्यात दर शंभरामागे तीन मृत्यू जास्त. जुलाबाने सुकलेली मुलं या चाचणीत नव्हती. त्यांना पाणी लागतंच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली नियम बदलले. हातपाय गार, नखाखालचा रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त वेळ आणि नाडी क्षीण व जलद, ही सगळी लक्षणं एकत्र असतील तरच ‘शॉक’ म्हणायचं. तेव्हाही सलाईन वजनाच्या दर किलोला १० ते २० मिलिलिटर, आणि तेही अर्ध्या ते एका तासात, सावकाश.