दिवे, एसी आणि मधला दुभाष्या

मोठ्या ऑफिसच्या इमारतीत कुठेतरी तळघरात एक खोली असते. तिथल्या स्क्रीनवर चिलर, पंप, पंखे, प्रत्येक मजल्याचं तापमान, सगळं दिसतं. ही बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे बीएमएस. आता त्याच माणसाला विचारा, सातव्या मजल्यावरचे दिवे चालू आहेत का? बऱ्याचदा तो म्हणतो, स्क्रीनवर तर बंद दिसतायत, पण वर जाऊन बघावं लागेल. हे असं का, हे समजायला थोडं मागे जायला हवं.

एसीचं नियंत्रण आणि दिव्यांचं नियंत्रण ही दोन वेगळी घराणी. पहिलं मेकॅनिकलवाल्यांचं. वॉरन जॉन्सन यांनी 1885 मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला कंपनी काढली, तिथपासून थर्मोस्टॅट, हवेच्या दाबावर चालणारे व्हॉल्व्ह, पुढे संगणक, असा हा प्रवास. दुसरं घराणं इलेक्ट्रिकवाल्यांचं आणि, गंमत बघा, नाटकवाल्यांचं. रंगमंचावर दिवे हळूहळू मंद करायची गरज आधीपासून होती. घरच्या भिंतीवरच्या बटणाच्या जागी मावेल असा डिमर जोएल स्पायरा यांनी तयार केला आणि 1961 मध्ये लुट्रॉन कंपनी सुरू केली. दोन्हींचे कंत्राटदार वेगळे, ड्रॉइंग वेगळी. त्यामुळे तारेवर बोलायची भाषाही प्रत्येक कंपनीने आपापली बनवली, आणि ती बाहेर कोणाला सांगितली नाही. एकदा इमारत बांधली की मालक त्या कंपनीशी बांधला गेला. नवा सुटा भाग हवा, त्यांच्याकडेच जा. दर ते सांगतील तो.

ह्याला वैतागलेले लोक जून 1987 मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलला जमले. अॅश्रे ह्या एसी-इंजिनिअरांच्या संस्थेची ही समिती. अध्यक्ष होते कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल न्यूमन. आठ वर्षं खल झाला आणि 1995 मध्ये बॅकनेट हे मानक आलं: कोणत्याही कंपनीचं यंत्र असो, बोलायची भाषा एक. सॅन फ्रान्सिस्कोतल्या 450 गोल्डन गेट अॅव्हेन्यू ह्या सरकारी इमारतीत ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरून बघितलं गेलं.

पण समिती कोणाची होती, आठवा. एसीवाल्यांची. बॅकनेटमध्ये व्हॉल्व्ह किती टक्के उघडा हे सांगायला ‘अॅनालॉग आउटपुट’ नावाची वस्तू होती. दिव्यालाही तीच लावली. व्हॉल्व्ह 50 टक्के, दिवा 50 टक्के. काय फरक पडतो?

फरक पडतो. दिव्यांची कंपनी आपली भाषा सोडत नाही, म्हणून मध्ये गेटवे बसवतात. हा दुभाष्या. एका बाजूला बॅकनेट, दुसऱ्या बाजूला कंपनीची बंद भाषा. बंद भाषांची आकडेमोड उघड नसते, म्हणून उदाहरण डालीचं घेऊ. डाली हे दिव्यांचं युरोपातून आलेलं खुलं मानक. दोन तारांवर 64 पत्ते. त्यात दिव्याची पातळी 1 ते 254 अशी सांगतात. आता गेटवे लिहिणाऱ्याने विचार केला, 50 टक्के म्हणजे 254 चे निम्मे, 127. पाठवले 127. दिवा किती लागला? जेमतेम 3 टक्के! कारण आपल्या डोळ्यांना उजेड सरळ प्रमाणात जाणवत नाही, म्हणून डालीच्या पायऱ्या लॉगॅरिथमने मांडल्या आहेत. खरा निम्मा उजेड हवा तर 229 पाठवावे लागतात. दोन्ही बाजूंचं यंत्र बरोबर, तारा बरोबर, आणि खोलीत अंधार. मग आठवडाभर भांडण, चूक कोणाची.

दुसरं भांडण हुकमाचं. बॅकनेटमध्ये एका आउटपुटला 16 पातळ्यांवरून हुकूम देता येतो. 1 सगळ्यात वरचा, 16 सगळ्यात खालचा. संध्याकाळी ऑपरेटरने 8 व्या पातळीवरून दिवे बंद केले आणि तो हुकूम मागे घ्यायला विसरला. सकाळी वेळापत्रक 16 वरून ‘चालू’ म्हणतं, पण 8 वा हुकूम अजून बसलेलाच. लोक भिंतीवरचं बटण दाबतात. ते बटण कंपनीच्या तारेवर थेट दिव्याशी बोलतं, दुभाष्याला विचारतही नाही. दिवे लागतात. गेटवेने ती खबर वर कळवली नसेल, तर स्क्रीनवर मात्र ‘बंद’. आपला तळघरातला माणूस खोटं बोलत नव्हता, मंडळी. त्याला तेवढंच सांगितलं होतं.

दिव्यासाठी वेगळी वस्तू, ‘लाइटिंग आउटपुट’, बॅकनेटच्या 2012 च्या आवृत्तीत आली. म्हणजे मूळ मानकानंतर 17 वर्षांनी. तिच्यात ‘इतक्या सेकंदांत हळूहळू मंद हो’ असं सांगता येतं. दिवे बंद करण्याआधी एकदा लुकलुकून इशारा द्या आणि माणसांना बाहेर पडायला वेळ द्या, हेसुद्धा सांगता येतं. व्हॉल्व्हला असल्या गोष्टींची गरजच नव्हती, म्हणून आधी कोणाला सुचल्या नसाव्यात, असं मला वाटतं.

तरी जुन्या इमारतींतले गेटवे अजून आहेत. आणि ते तपासायची पद्धतही तीच जुनी: एकजण स्क्रीनवर 50 लिहितो, दुसरा वरच्या मजल्यावर छताकडे बघत फोनवर सांगतो, किती लागला ते.