लेकराच्या सांध्याचं माप

बापाचा सदरा सगळीकडून सारखाच कापून लेकराचं झबलं शिवलं, तर ते गळ्यातच अडकेल. लेकराचं डोकं मोठं, मान आखूड, हात तोकडे. आज आम्ही सांगतोय ती गोष्ट अशाच मापाची आहे, फक्त कापडाच्या जागी हाडं आणि स्नायू आहेत.

चालताना गुडघ्यावर, घोट्यावर किती भार येतो ते बाहेरून दिसत नाही, हिशेबाने काढावं लागतं. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म ब्राउने हे शरीररचनेचे प्राध्यापक आणि ओटो फिशर हे गणिती यांनी १८८९ साली गोठवलेल्या मृतदेहांवरून शरीराचा तोल कुठे असतो ते मोजलं. पुढे १८९१ मध्ये एका तरुणाच्या हातापायांना उजेडाच्या नळ्या बांधून त्याची चाल टिपली. संगणक नव्हता. हाताने हिशेब करण्यात वर्षं गेली. सैनिकाच्या पाठीवरच्या ओझ्याचा विचार त्यात होता. बाई आणि लेकरू मात्र त्या हिशेबात नव्हतं.

लेकरांची पाळी फार उशिरा आली. अमेरिकेत सॅन डिएगोला डेव्हिड सदरलँड आणि सहकाऱ्यांनी १ ते ७ वर्षांच्या १८६ निरोगी मुलांची चाल टिपली आणि १९८० साली निष्कर्ष छापले. नुकतं चालायला लागलेलं मूल पाय फाकवून, छोटी पावलं भरभर टाकतं, आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास चाल मोठ्यांसारखी होऊ लागते. आपल्या आज्यांना हे ठाऊकच होतं म्हणा, पण आता त्याचे आकडे मिळाले.

१९९० साली अमेरिकेतच स्कॉट डेल्प आणि सहकाऱ्यांनी संगणकावर पायाचं मॉडेल उभं केलं. त्यात हाडं होती, सांधे होते आणि दोऱ्यांसारखे ओढलेले स्नायू होते. शस्त्रक्रियेत स्नायूची जागा बदलली तर काय होईल, हे चाकू लावण्याआधी पाहता यावं हा हेतू. हेतू चांगलाच, पण मापं प्रौढ पुरुषाची. मूल आलं की तेच मॉडेल लहान करायचं. झालं ना तेच झबलं! जन्मतः मांडीच्या हाडाला साधारण ४० अंशांचा पीळ असतो. तो वाढत्या वयात उलगडत १५ अंशांच्या आसपास येतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बऱ्याच मुलांत तो पुरेसा उलगडत नाही. पीळ वेगळा, की स्नायूची ओढही वेगळी.

म्हणून मग एमआरआय काढून त्या त्या मुलाचंच मॉडेल बांधायला सुरुवात झाली. २०१३ मध्ये युरोपात एमडी-पीडिग्री नावाचा प्रकल्प निघाला. रोमच्या बांबिनो जेसू या मुलांच्या रुग्णालयाकडे त्याचं नेतृत्व होतं, आणि बालसंधिवाताची मुलंही त्यात होती. पण इथे वेगळीच अडचण आली. हाडाचा उंचवटा कुठे, स्नायू कुठे चिकटतो, या खुणा चित्रावर माणूसच करतो. अंगणवाडीत एकाच मुलाची उंची दोघींनी घेतली तर आकडा थोडा हलतो ना, तसंच. खूण सरकली की स्नायूची दोरी सरकते आणि भाराचा आकडा बदलतो. म्हणून संशोधक एकाच मुलाच्या चित्रांवर वेगवेगळ्या माणसांकडून, पुन्हा पुन्हा खुणा करून घेतात आणि कोणतं उत्तर किती हलतं ते पाहतात. ते कळल्याशिवाय त्या आकड्यावर कुणी शस्त्रक्रिया ठरवू नये, असं आमचं मत आहे.

मोठ्यांच्या बाबतीत उत्तर ताडून पाहता येतं. स्वीडनच्या निल्स रिडेल यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यातच भार मोजण्याची सोय केली आणि १९६६ साली आकडे छापले. बर्लिनमध्ये गेओर्ग बेर्गमान यांनी ते काम पुढे नेलं. वाढत्या लेकराच्या चांगल्या सांध्यात मात्र यंत्र कोण बसवणार? बसवूही नये. मग मुलाच्या कातडीवर छोट्या पट्ट्या चिकटवतात. चालताना कोणता स्नायू कधी कामाला लागला ते त्यांतून कळतं, आणि मॉडेलमधला तोच स्नायू त्याच वेळी जोर लावतो का ते पाहतात. सांध्यावर भार किती आला, ते मात्र या पट्ट्या सांगत नाहीत.