पूरनौका : फायबर व रबरी
पूरनौका : पुराच्या पाण्याने वेढलेली माणसे व जनावरे सुरक्षित स्थळी हलविण्यासाठी, तसेच अडकलेल्या वस्त्यांना अन्न, औषधे व पिण्याचे पाणी पोहोचविण्यासाठी वापरण्यात येणारी लहान नौका. महाराष्ट्रात या कामी मुख्यत्वे दोन प्रकारच्या नौका वापरात आहेत. काचतंतू व रेझीन यांपासून साच्यात घडविलेल्या टणक नौकेस व्यवहारात ‘फायबर बोट’ म्हणतात, तर हवा भरलेल्या नळ्यांवर तरंगणाऱ्या नौकेस ‘रबरी बोट’ म्हणतात. या दोहोंच्या संयोगातून कठीण तळाची रबरी नौका हा तिसरा प्रकार निर्माण झाला. कोणती नौका निवडावी हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. तथापि राज्यातील गेल्या काही पुरांचा इतिहास पाहता त्याच्या उत्तरावर अनेकांचे प्राण अवलंबून असतात, असे दिसून येते.

पूर्वपीठिका : नदीपार होण्याची जुनी साधने स्थानिक द्रव्यांतूनच सिद्ध झाली. कोकणातील खाड्यांत एकाच खोडातून कोरलेली डोण व फळ्यांची होडी प्रचारात होती. पठारावरील नद्या वर्षातील बराच काळ उथळ वा कोरड्या राहत असल्याने तेथे कायमची नौका बाळगण्याची प्रथा मोजक्या घाटांपुरतीच राहिली. अन्यत्र वाळलेल्या भोपळ्यांची सांगड, लाकडी ओंडक्यांचा तराफा किंवा उसाचा रस आटविण्याची काहील यांवर काम भागविले जाई. धरणे झाल्यानंतर जलाशयांतील मच्छीमारांनी थर्माकोलचे तराफे वापरण्यास प्रारंभ केला. बंदिस्त हवेच्या आधारे तरंगण्याची कल्पनाही प्राचीन आहे. फुगविलेल्या कातड्यांच्या साहाय्याने नदी ओलांडणारे सैनिक ॲसिरियन शिल्पपटांत कोरलेले आढळतात. भोपळ्याची सांगड आणि आजची रबरी नौका यांमागील तत्त्व एकच आहे : हवेला कोंडून ठेवणारे हलके आवरण माणसाचा भार तोलते.

फायबर नौका : वितळलेल्या काचेचे बारीक तंतू काढण्याचे तंत्र १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत विकसित झाले. पॉलिएस्टर रेझिनाची त्याला जोड मिळाल्यावर १९४२ च्या सुमारास ओहायओ राज्यातील रे ग्रीन यांनी या द्रव्याची लहान नौका तयार केली. दुसऱ्या महायुद्धानंतर हे तंत्र जगभर पसरले. नौकेच्या आकाराच्या साच्यात प्रथम रंगीत रेझिनाचा गुळगुळीत थर देतात. त्यावर काचतंतूंच्या चटया व विणलेले कापड एकाआड एक पसरून प्रत्येक थर रेझिनाने भिजवितात. रेझीन घट्ट झाल्यावर साच्यातून अखंड नौकाकाय बाहेर निघते. सांधे नसल्याने ती गळत नाही, लाकडाप्रमाणे कुजत नाही आणि तिला वाळवीही लागत नाही. एका साच्यातून अनेक नौका निघत असल्याने उत्पादनखर्च कमी पडतो. चांगल्या लाकडाची टंचाई व वाढते दर यांमुळे कोकण किनाऱ्यावरही या नौकांचा प्रसार झाला.

या द्रव्याचा एक गुणधर्म मात्र विसरता येत नाही. काचतंतूंचे हे मिश्रण पाण्याच्या सु. दीडपट जड असते. म्हणजेच फायबर नौका तरंगते ती तिच्या पोकळ आकारामुळे. काठावरून पाणी आत शिरून ती भरली, तर ती बुडू लागते. ती भरूनही वर राहावी, यासाठी बैठकींखाली व नाळेत फोम भरलेले बंद कप्पे ठेवावे लागतात. खर्च वाचविण्यासाठी हे कप्पे वगळलेली नौका बाहेरून तशीच दिसते. तिच्यातील उणीव संकटाच्या वेळीच उघडी पडते.

रबरी नौका : रबरावर गंधकाची प्रक्रिया करून ते टिकाऊ बनविण्याचा शोध १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांनी लावल्यानंतर फुगविता येणाऱ्या नौकांचे प्रयोग सुरू झाले. १९३० नंतरच्या दशकात फ्रान्समधील झोडियाक या हवाई जहाजे बनविणाऱ्या कंपनीतील प्येर दब्रुतेल यांनी इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची नळी व मागे फळी अशी रचना सिद्ध केली. आजच्या रबरी नौकेची मूळ आकृती हीच होय. १९५२ मध्ये आलँ बाँबार या फ्रेंच डॉक्टरांनी सु. ४·६ मी. लांबीच्या अशाच नौकेतून कॅनरी बेटांहून बार्बेडोसपर्यंतचा अटलांटिक प्रवास ६५ दिवसांत एकट्याने पार केला. त्यामुळे हवेच्या नौकेविषयीचा अविश्वास बराच ओसरला.

नळीची तरणशक्ती साध्या हिशोबाने समजते. ४५ सेंमी. व्यासाच्या नळीची १ मी. लांबी पूर्ण बुडाली, तर ती सु. १६० लि. पाणी बाजूस सारते, म्हणजे सु. १६० किग्रॅ. भार तोलू शकते. नौकेभोवती अशी ९ मी. नळी असेल, तर एकूण क्षमता १,४०० किग्रॅ.च्या वर जाते. नळी आतील पडद्यांनी तीन ते पाच स्वतंत्र कप्प्यांत विभागलेली असते; एक कप्पा फुटला तरी उरलेले कप्पे नौका वर धरतात. नौकेत पाणी भरले, तरी हवा नळ्यांत सुरक्षित असल्याने ती बुडत नाही. काठाला लोंबकळणाऱ्या माणसामुळेही ती सहसा कलंडत नाही, कारण तिचा आधार दोन्ही कडांना पसरलेला असतो. बुडणाऱ्या व्यक्तीस मऊ काठावरून आत ओढून घेणे सोपे जाते आणि भिंतीवर वा खांबावर आदळताना नळी धक्का शोषून घेते.

कठीण तळाची रबरी नौका : वेल्समधील अटलांटिक कॉलेज या १९६२ मध्ये सुरू झालेल्या संस्थेचे पहिले प्रमुख, निवृत्त रिअर ॲडमिरल डेझमंड होर, यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थी समुद्रातील बचावकार्य करीत. किनाऱ्यावरील गोट्यांवर घासून रबरी नौकांचा कापडी तळ वारंवार फाटे. यावर उपाय म्हणून त्यांनी तळाला प्लायवुड बसविले आणि पुढे इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा कठीण तळ योजिला. हा शोध नाममात्र एक पौंडाच्या मोबदल्यात ब्रिटनच्या राष्ट्रीय जीवरक्षक नौका संस्थेकडे गेला व १९७२ पासून ‘अटलांटिक २१’ या नौका तिच्या सेवेत आल्या. कठीण तळ लाटा कापतो, तर नळ्या स्थैर्य देतात. म्हणून नौदले, तटरक्षक दले व सागरी पोलीस यांना हा प्रकार सोयीचा वाटला. परंतु त्याची घडी घालता येत नाही, त्याला चाकांचा गाडा लागतो आणि त्याचा ‘व्ही’ तळ गुडघाभर पाण्यात टेकतो. त्यामुळे अंतर्भागातील पुरांत सपाट तळाची, घडी घालता येणारी रबरी नौकाच अधिक प्रचारात राहिली.

महाराष्ट्रातील अनुभव : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला आणि मुंबईचे अनेक भाग पाण्याखाली गेले. नौकांची गरज केवळ नदीकाठच्या गावांनाच नव्हे, तर महानगरालाही असते, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. त्याच वर्षी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम संमत झाला व २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल स्थापन झाले. त्याची पाचवी तुकडी पुण्याजवळ आहे. राज्याच्या स्वतःच्या प्रतिसाद दलाच्या तुकड्या नंतर धुळे व नागपूर येथे उभारण्यात आल्या. घडी घातलेल्या रबरी नौका, हवा भरण्याचे पंप व बाहेरून जोडायची इंजिने मालमोटारीत घालून दूरवर नेता येतात. शासकीय दलांनी या नौकांना पसंती दिली, याचे हे मुख्य कारण होय. मुंबईतच रबरी नौकेचा घातक उपयोगही दिसून आला. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर अशाच नौकेतून कफ परेडच्या कोळीवाड्याजवळ उतरले. पाण्यालगत राहणारी, धक्क्याविना कोठेही लागणारी नौका पहाऱ्याच्या नजरेतून सुटू शकते, हा त्यातील धडा होता.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगा यांच्या खोऱ्यांत महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली; तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे, कृष्णा व येरळा यांच्या संगमाजवळच्या या गावात, ग्रामस्थांना घेऊन निघालेली नौका उलटली व १७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया व मुले होती. नौकेत क्षमतेपेक्षा बरीच अधिक माणसे बसली होती. गाव वेढले गेल्यावर दारी आलेल्या नौकेत प्रत्येक जण चढू पाहतो. पुढची फेरी होईल याची खात्री त्याला वाटत नसते. म्हणून पूरनौकेची परीक्षा तिच्या नोंदलेल्या क्षमतेवर होत नाही. क्षमता ओलांडल्यावर ती कशी वागते, यावर होते. या कसोटीवर नळ्यांची नौका उजवी ठरते, तर तरणकप्पे नसलेली फायबर नौका सर्वांत धोक्याची ठरते.

याउलट उदाहरण केरळचे आहे. ऑगस्ट २०१८ च्या पुरात तेथील मच्छीमारांनी सहाशेहून अधिक नौका मालमोटारींतून अंतर्भागात नेल्या आणि हजारो लोकांची सुटका केली. त्यांत फायबरच्या नौका मोठ्या संख्येने होत्या. बुडालेल्या भिंती व कुंपणे यांवर आदळून अनेक नौकांचे तळ फुटले. तरीही कार्य पार पडले. याचे श्रेय नौकेच्या द्रव्याइतकेच, किंबहुना अधिक, तिच्या चालकांच्या हातोटीला द्यावे लागते. ज्याची उपजीविका नौकेवर चालते, त्याला तिच्या मर्यादा ठाऊक असतात.

मराठवाड्यातील परिस्थिती : अवर्षणप्रवण मानल्या जाणाऱ्या बीड जिल्ह्यात हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहतो. बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी बिंदुसरा बीड शहराच्या दक्षिणेस पाली येथील धरणातून पुढे येते, शहराच्या मध्यातून वाहते व सिंदफणेस मिळते. सिंदफणा पुढे गोदावरीत जाते. पालीचे धरण भरले की सांडव्यावरून पडणारी पाण्याची चादर पाहण्यास लोकांची गर्दी होते. तेच पाणी अल्पावधीत शहरात पोहोचते. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेच्या महापुराने बीडमध्ये मोठी जीवितहानी झाली. गोदावरीचा पूर याहून निराळा असतो. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीच्या विसर्गाने पैठण जलमय झाले; असे पाणी पसरट असते, काही दिवस टिकते आणि त्याची पूर्वसूचना देता येते. सिंदफणा–गोदावरीच्या काठी पुण्याहून वा धुळ्याहून आलेली रबरी नौका उपयोगी पडू शकते. बिंदुसरेसारख्या आखूड, वेगवान नदीच्या बाबतीत ती पोहोचेपर्यंत पूर बहुधा ओसरलेला असतो. तेथे जवळच, वापरास सज्ज अशी नौका असणे हीच पहिली अट होय.

निवडीचे निकष येथे परस्परविरोधी ठरतात. पठारावरील ओढ्यानाल्यांच्या काठी बाभळी, बोरी व काटेरी तारांची कुंपणे असतात; रबरी नळीला त्यांचा मोठा धोका असतो. मराठवाड्यातील उन्हाळ्याचे तापमान व प्रखर सूर्यप्रकाश यांमुळे साठवणीतील रबरी द्रव्यही खराब होते. पीव्हीसी कापड लवकर कडक होते व त्याचे जोड सुटतात; कृत्रिम रबराचा लेप दिलेले कापड अधिक टिकते, परंतु महाग असते. वर्षानुवर्षे पूर न आल्यास घडी घातलेली नौका गोदामात तशीच राहते, उंदीर तिला कुरतडतात आणि गरजेच्या रात्री ती फुगविली असता हवा धरत नाही. फायबर नौका असा हलगर्जीपणा पुष्कळ सोसते. ती जलाशयात मासेमारीसाठी रोज वापरात राहू शकते, तिचा तळ गावातल्या गावात चटई व रेझीन लावून दुरुस्त होतो, आणि तिला चालविणारे हातही सरावात राहतात. त्यामुळे जलाशयाकाठच्या गावांत तरणकप्पे असलेली, सपाट तळाची फायबर नौका मच्छीमारांच्या हाती असणे, आणि दूरवर पाठवावयाच्या दलांकडे घडीच्या रबरी नौका असणे, अशी विभागणी व्यवहार्य ठरते.

केवळ योग्य नौकेने सुरक्षितता येत नाही, हे मे २०२४ मधील दोन घटनांवरून दिसते. २१ मे रोजी उजनी जलाशयात कुगाव–कळाशी मार्गावरील प्रवासी नौका वादळी वाऱ्यात उलटून ६ जण बुडाले. २३ मे रोजी अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेत असता राज्य प्रतिसाद दलाची नौका भोवऱ्यात सापडून उलटली व दलाचे ३ जवान मृत्यू पावले. पहिल्या घटनेत पाण्याचा विस्तार व वारा, तर दुसऱ्या घटनेत प्रवाहाची रचना निर्णायक ठरली. बंधाऱ्याखाली उसळून मागे फिरणारे पाणी कोणत्याही लहान नौकेस ओढून घेते. तेथे काठावरून दोर व काठी यांनी मदत करणे हाच सुरक्षित मार्ग असतो.

अंतर्देशीय नौकांच्या नोंदणी, तपासणी व जीवरक्षक साधनांविषयी १९१७ चा जुना कायदा रद्द होऊन २०२१ चा अधिनियम लागू झाला आहे. नौकेच्या काठावर प्रवासी-संख्या ठळकपणे रंगविणे, तितकीच जीवरक्षक जाकिटे ठेवणे, पावसाळ्यापूर्वी रबरी नौका फुगवून रात्रभर तपासणे व फायबर नौकेचे कप्पे पाण्याने पारखणे, या गोष्टींना फारसा खर्च येत नाही. ब्रह्मनाळच्या दुर्घटनेनंतर पूरप्रवण गावांना नौका पुरविण्याकडे लक्ष वेधले गेले. पुरविलेली नौका पुढच्या पुरापर्यंत सज्ज ठेवणे, हे काम मात्र ज्या गावात ती ठेवली जाते त्या गावाकडेच राहते.